छोटी दुकानं, छोटी हॉटेलं आणि आपण देतो ते रिव्ह्यू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं शहरातल्या छोट्या दुकानांबद्दल आणि हॉटेलांबद्दल लिहिते, आणि माझी बहीण स्वतः शिलाईचं छोटं दुकान चालवते, त्यामुळे रिव्ह्यू लिहिणारा आणि रिव्ह्यू झेलणारा अशा दोन्ही बाजू मी रोज बघते. लोक मेसेज करून सारखं तेच तेच विचारतात म्हणून एकदा सगळं इथे लिहून ठेवतेय. हे छोट्या, एकट्या मालकाच्या ठिकाणांबद्दल आहे, मोठ्या कंपन्यांबद्दल नाही.

नुसते स्टार बघून ठरवलं तर चालतं का?

नाही चालत, निदान छोट्या ठिकाणांसाठी तरी नाही. साधं गणित बघा. एका दुकानाला १० रिव्ह्यू आहेत आणि सरासरी ४.६ आहे, त्यात कुणीतरी रागाने १ स्टार टाकला की सरासरी थेट ४.३ वर येते. तोच १ स्टार १००० रिव्ह्यू असलेल्या ठिकाणाला पडला तर ४.६ चं ४.६ च दिसतं, कुणाला कळत पण नाही. म्हणजे एकाच माणसाचा एकाच दिवसाचा राग, पण छोट्याला तो जवळपास नव्वद पटीने लागतो. म्हणून आधी किती जणांनी लिहिलंय ते बघा, मग सरासरी बघा, आणि रिव्ह्यू वीस-पंचवीसच असतील तर सरासरी सोडून द्या आणि सरळ सगळे वाचून काढा, पाच मिनिटं लागतात.

अर्ध्या स्टारने खरंच धंद्यात फरक पडतो का? लोक उगाच मोठं करून सांगतात असं वाटतं.

पडतो, आणि हे मोजलेलं आहे. येल्प ही साइट स्टार अर्ध्या-अर्ध्यावर राउंड करून दाखवायची, म्हणजे ३.२४ सरासरी असेल तर ३ दिसणार आणि ३.२५ असेल तर साडेतीन. आता या दोन हॉटेलांत खरा फरक काहीच नाही, पण दिसायला अर्धा स्टार. अभ्यास करणाऱ्यांनी नेमकी हीच फट पकडली. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिॲटलच्या हॉटेलांवर अभ्यास केला, त्यात एक स्टार वाढला की विक्री साधारण ५ ते ९ टक्के वाढते असं निघालं. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, अँडरसन आणि मॅग्रुडर या दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोची हॉटेलं घेऊन दाखवलं की अर्धा स्टार जास्त दिसला की गर्दीच्या वेळची टेबलं फुल होण्याचं प्रमाण १९ टक्के-अंकांनी (म्हणजे शंभरात १९ वेळा जास्त) वाढतं.

आणि लुका यांच्या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. हा सगळा परिणाम स्वतंत्र, एकट्या मालकाच्या हॉटेलांवर होता, साखळीवाल्या हॉटेलांवर जवळपास काहीच नाही. कारण साखळीचं नाव लोकांना आधीच माहीत असतं, आत गेल्यावर काय मिळणार ते ठाऊक असतं, तिथे रिव्ह्यू वाचायची गरजच पडत नाही. छोट्या ठिकाणाकडे जाहिरातीला पैसे नसतात, नाव झालेलं नसतं, त्याच्याकडे दाखवायला फक्त आपण लिहिलेल्या चार ओळी असतात. मी रिव्ह्यूचा एवढा विचार करते तो या एका कारणामुळे.

सगळे रिव्ह्यू एकतर ५ स्टारचे नाहीतर १ स्टारचे, मधलं काहीच का नसतं?

कारण "ठीक होतं" असं वाटलेला माणूस घरी जाऊन झोपतो, तो लिहायला बसत नाही. खूप खूश झालेला लिहितो आणि खूप भडकलेला लिहितो. रेटिंगचा ग्राफ काढला तर ५ ला उंच, १ ला थोडा वर आणि मध्ये खड्डा असा येतो, इंग्रजी J अक्षरासारखा, आणि ऑनलाइन रेटिंगच्या अभ्यासात हा आकार परत परत दिसलाय. म्हणून मी नेहमी ३ आणि ४ स्टारवाले रिव्ह्यू आधी वाचते. तीन स्टार देणारा माणूस हमखास काहीतरी कामाचं सांगतो, की जागा छान पण बसायला चारच टेबलं आहेत, किंवा काम चोख पण सांगितलेल्या दिवसापेक्षा दोन दिवस उशीर धरा. आपल्याला नेमकं हेच पाहिजे असतं.

आधीच्या लोकांचं वाचून आपलं मत बदलतं का?

बदलतं, आणि आपल्याला पत्ता लागत नाही. २०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता, बातम्यांच्या एका साइटवरच्या लाखभर कमेंट्स घेतल्या आणि काही कमेंट्सना सुरुवातीलाच मुद्दाम एक खोटं वरचं मत (लाइकसारखं, स्कोअर वाढवणारं) दिलं. एवढ्यानेच पुढचा माणूस वरचं मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटचा स्कोअर सरासरी २५ टक्क्यांनी चढला. खाली ओढणारी खोटी मतं मात्र लोकांनी बऱ्यापैकी सावरून घेतली. तो प्रयोग दुकानांवरचा नव्हता, पण सवय माणसाचीच आहे. त्यामुळे मी एखाद्या ठिकाणाबद्दल लिहायचं असेल तर आधी माझं लिहिते, मग बाकीच्यांचं वाचते.

खोटे रिव्ह्यू ओळखायचे कसे?

शंभर टक्के ओळखता येत नाहीत, पण नजर बसते. एकाच आठवड्यात धडाधड पंधरा रिव्ह्यू आणि त्याच्या आधी सहा महिने शुकशुकाट, हे पहिलं लक्षण. लिहिणाऱ्याच्या प्रोफाइलवर जा, त्याने एकाच दिवशी तीन वेगवेगळ्या शहरांतल्या ठिकाणांना पाच पाच स्टार दिलेत का बघा. आणि मजकूर बघा. खरा गेलेला माणूस काहीतरी बारीक सांगतोच, की दारातली पायरी उंच आहे, की पंख्याखालच्या टेबलावर बसा, की मालकीणबाई स्वतः माप घेतात. "अप्रतिम सेवा, उत्तम दर्जा, नक्की भेट द्या" हे वाक्य सलूनला पण लागू होतं आणि पंक्चरवाल्याला पण, त्यातून काहीच कळत नाही. अर्थात साधी माणसं पण असं लिहितात, त्यांना लिहायची सवय नसते, त्यामुळे एका वाक्यावरून कुणाला खोटं ठरवू नका.

प्रमाण किती असेल याचा अंदाज हवा तर लुका आणि झेर्व्हास यांनी बॉस्टनच्या हॉटेलांचे येल्पवरचे रिव्ह्यू तपासले होते (२०१६ मध्ये छापून आलं), त्यात साधारण १६ टक्के रिव्ह्यू साइटनेच संशयास्पद म्हणून बाजूला काढलेले होते. ज्यांचं नाव अजून झालेलं नाही, रिव्ह्यू कमी आहेत किंवा नुकतीच वाईट मतं आलीत, अशी हॉटेलं खोट्याच्या वाटेला जास्त जातात असंही त्यात दिसलं. आणि २०१७ ची लंडनची गोष्ट तर बहुतेकांनी ऐकली असेल, ऊबा बटलर नावाच्या लेखकाने स्वतःच्या घरामागच्या शेडला हॉटेल म्हणून ट्रिपॲडव्हायझर या रिव्ह्यूच्या साइटवर टाकलं, ओळखीच्यांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले आणि काही महिन्यांत ते अस्तित्वातच नसलेलं हॉटेल लंडनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं! लोक बुकिंगसाठी फोन करत होते. हे वाचून बरेच जण हसतात, मला मात्र त्या यादीत खाली ढकलल्या गेलेल्या खऱ्या हॉटेलांचं वाईट वाटतं.

शेजारचा दुकानदार मुद्दाम वाईट रिव्ह्यू टाकतो असं होतं का खरंच?

होतं. मेझलिन, डोव्हर आणि शेव्हालिए यांचा २०१४ चा अभ्यास आहे, राहायच्या हॉटेलांवरचा. एक्स्पीडिया या बुकिंगच्या साइटवर फक्त बुकिंग केलेल्याला लिहिता यायचं, ट्रिपॲडव्हायझरवर कुणालाही, म्हणून त्यांनी एकाच हॉटेलची दोन्हीकडची मतं ताडून बघितली. जिथे कुणालाही लिहिता येतं तिथे स्वतंत्र छोट्या मालकांच्या हॉटेलांना चांगली मतं जास्त होती आणि त्यांच्या शेजारच्या हॉटेलांना वाईट मतं जास्त होती. म्हणजे छोटा धंदा नेहमी बिचाराच असतो असं नाही, हे मला सुद्धा मान्य करावं लागलं. पण लगेच प्रत्येक १ स्टारमागे शेजारी शोधू नका, दहापैकी बहुतेक वेळा तो खरा नाराज गिऱ्हाईकच असतो.

याच्याविरुद्ध कायदा आहे का काही?

आहे, देशागणिक वेगळा. युरोपियन युनियनमध्ये २८ मे २०२२ पासून रिव्ह्यू दाखवणाऱ्याने ते खऱ्या गिऱ्हाइकांचे आहेत याची खात्री करतो की नाही आणि कशी करतो ते सांगावं लागतं. अमेरिकेत खोटे आणि विकत घेतलेले रिव्ह्यू बंद करणारा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून बंदी आहे. भारतात २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूसाठी आयएस १९००० हे मानक काढलं.

मला वाईट अनुभव आला. लिहू का नको?

लिहा, पण आधी तिथल्या तिथे बोला. हे मी अगदी कळकळीने सांगतेय कारण छोट्या ठिकाणी मालक समोरच उभा असतो, गल्ल्यावर नाहीतर आत. मोठ्या कंपनीत तक्रार करायची म्हणजे तिकीट नंबर आणि वाट बघा, इथे मान वर करून "दादा, हे बरोबर नाही झालं" म्हटलं की निम्म्या वेळा जागच्या जागी सुटतं. आपण तिथे गप्प बसून पैसे देऊन बाहेर येतो, आणि घरी जाऊन रात्री अकरा वाजता १ स्टार टाकतो, मग त्या माणसाला सुधारायची संधीच मिळत नाही आणि आपल्याला पण काही मिळत नाही. बोलूनही ऐकलं नाही, उलट उद्धट बोलले, तर मग जरूर लिहा आणि बोललो होतो हेही लिहा. आणि स्वच्छता किंवा फसवणुकीचा प्रश्न असेल तर नुसता रिव्ह्यू टाकून थांबू नका, ज्यांचं ते काम आहे त्या सरकारी खात्याकडे तक्रार करा.

लिहिताना जे झालं ते लिहा. "मालक चोर आहे" असं लिहिलं तर ते तुमच्या अंगाशी येऊ शकतं. "बिलात न मागितलेली वस्तू लावली होती, सांगितल्यावर काढली नाही" असं लिहा, आणि बिल जपून ठेवा.

मालकाने नोटीस पाठवायची धमकी दिली तर?

घाबरून लगेच डिलीट करू नका आणि भांडायला पण जाऊ नका. आपण लिहिलेलं परत वाचा, त्यात आपल्याकडे पुरावा नाही असं काही आहे का बघा, असेल तर ते वाक्य काढा, नसेल तर राहू द्या. अमेरिकेत २०१६ च्या कायद्याने "वाईट रिव्ह्यू लिहिलात तर दंड" असली अट छापील करारात घालणं रद्दच ठरवलंय. बाकी ठिकाणी बदनामीचा कायदा असतो, प्रकरण खरंच नोटिशीपर्यंत गेलं तर वकिलाला विचारा.

चांगला रिव्ह्यू लिहायचा म्हणजे नक्की काय लिहायचं?

कधी गेलात (वार आणि वेळ), किती जण होतात, काय मागितलं, किती वेळ लागला, काय आवडलं, काय नाही आवडलं, आणि कुणाला जमेल असं ठिकाण आहे. एवढं पुरे. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण शांत बसायला जागा शोधणाऱ्याला आणि चार लहान पोरं घेऊन जाणाऱ्याला एकच ठिकाण वेगळं वाटणार. व्हीलचेअर आत जाते का, टॉयलेट आहे का, कार्ड चालतं का, हे लिहिलंत तर शेकडो लोकांचं काम होतं आणि हे कुणीच लिहीत नाही.

फोटो टाकू का?

टाका. बाहेरून दुकान कसं दिसतं तो फोटो सगळ्यात उपयोगी, लोकांना सापडत नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकांचे चेहरे नको, आणि काम करणाऱ्या पोरांचे विचारल्याशिवाय अजिबात नको.

घरपोच ऑर्डर उशिरा आली, हॉटेलला १ स्टार देऊ?

आधी चूक कुणाची ते बघा. पदार्थ चुकीचा आला तर हॉटेलची, रस्त्यात सांडलं किंवा डिलिव्हरीवाला रस्ता चुकला तर हॉटेलचा काय दोष? बहुतेक ॲपमध्ये डिलिव्हरीचं रेटिंग वेगळं असतं, तिथे द्या.

मालक माझा मित्र आहे, म्हणतो पाच स्टार टाक ना. टाकू?

टाकू नका, किंवा टाकलात तर "मालक माझे मित्र आहेत" हे पहिल्याच वाक्यात लिहा. मी बहिणीच्या दुकानाबद्दल आजपर्यंत एक ओळ लिहिलेली नाही. मदतच करायची तर दुसरी करा, नकाशावरचा टायमिंग आणि फोन नंबर बरोबर आहे का बघा, सुट्टीचा वार बदला, चार चांगले फोटो काढून द्या. छोट्या मालकांना हे करायला वेळ नसतो, आणि चुकीच्या टायमिंगमुळे बंद शटर बघून परत गेलेला माणूस चिडून जे लिहितो ते वेगळंच. आणि रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट देणाऱ्यांना स्पष्ट नाही म्हणा, चांगलंच लिहायच्या अटीवर बक्षीस देणं अमेरिकेच्या त्या नव्या नियमात सुद्धा बसत नाही.

मी मालक आहे. वाईट रिव्ह्यू आला. काय करू?

त्या क्षणी काहीच लिहू नका. माझ्या बहिणीला पहिला २ स्टार आला तेव्हा मी तिथेच होते. गळ्यात टेप तशीच, उभ्या उभ्या तिने फोनवर वाचला, "सांगितलेल्या दिवशी कपडे मिळाले नाहीत, दोनदा चक्कर झाली". तिचा चेहरा पडला, म्हणाली हे खोटं आहे. मग ऑर्डरची वही काढली, बोट फिरवत त्या नावापर्यंत आली, आणि तिथे तिच्याच अक्षरात तारीख खोडून पुढची टाकलेली होती. ती गप्प बसली. रात्री दुकान बंद केल्यावर तिने तीन ओळी लिहिल्या, की वही बघितली, तुमचं बरोबर आहे, तीन दिवस उशीर झाला आणि फोन करून कळवायला हवं होतं ते केलं नाही, आता तारीख बदलली की त्याच दिवशी फोन करते. त्या बाई परत आल्या की नाही ते सोडा, पण नंतर आलेल्या दोन गिऱ्हाइकांनी सांगितलं की तो रिप्लाय वाचून आलो.

यावर पण अभ्यास आहे. प्रोसेर्पिओ आणि झेर्व्हास यांनी २०१७ मध्ये दाखवलं की राहायच्या हॉटेलांनी रिव्ह्यूंना उत्तरं द्यायला लागल्यावर त्यांना १२ टक्के जास्त रिव्ह्यू आले आणि रेटिंग ०.१२ स्टारने वाढलं. मालक वाचतो म्हटल्यावर उगाच टाकलेली एका ओळीची शिवी कमी होते, ज्याची खरी तक्रार आहे तो मात्र सविस्तर लिहितो. रिप्लायमध्ये सगळ्यांना तेच छापील वाक्य चिकटवू नका, लोकांना लगेच कळतं. रिव्ह्यू खोटाच असेल तर साइटला रिपोर्ट करा आणि खाली शांतपणे "या तारखेला अशी ऑर्डर आमच्याकडे नोंदलेली नाही, कृपया संपर्क करा" एवढंच लिहा.

नवीन उघडलेल्या ठिकाणाबद्दल लगेच लिहावं का?

चांगलं असेल तर लगेच लिहा, त्यांना पहिल्या महिन्यात गिऱ्हाईक लागतं. वाईट असेल तर थोडं थांबा आणि परत एकदा जा. न्यूयॉर्क टाइम्समध्ये क्रेग क्लेबॉर्न यांनी १९५७ नंतर जी पद्धत घालून दिली त्यात समीक्षक ओळख न देता जायचा, एकापेक्षा जास्त वेळा जायचा आणि जेवणाचं बिल वर्तमानपत्र भरायचं. आपल्याला एवढं परवडणार नाही पण दोनदा जाणं तरी जमतं.

हे सगळं इंटरनेटमुळेच सुरू झालं ना?

नाही हो. मिशलिन या टायर कंपनीने १९०० मध्ये गाडीवाल्यांसाठी गाइड काढलं, १९२६ पासून त्यात स्टार आले, पण ते कंपनीच्या तपासनिसांचं मत. सामान्य माणसांची मतं गोळा करून छापायचं काम १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या झॅगट नवरा-बायकोंनी सुरू केलं, मित्रमंडळींना फॉर्म वाटून. येल्प २००४ ची.

हॉटेलांचेच रिव्ह्यू दिसतात. चावीवाला, चांभार, घड्याळ दुरुस्तीवाला यांचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. या लोकांचं तर नकाशावर नाव पण नसतं. हॉटेलमध्ये आपण महिन्यातून चारदा जातो, घड्याळ चार वर्षांतून एकदा दुरुस्त करतो, त्यामुळे अशा माणसाला आयुष्यभरात तीन रिव्ह्यू मिळाले तरी खूप. आणि अशा ठिकाणी आपली एक ओळ खरोखर कुणाला तरी तिथपर्यंत नेते. त्यांच्या कामाबद्दल लिहिताना लगेच लिहू नका, दोन-तीन महिने वापरून मग लिहा, की शिवलेला तळवा पावसाळाभर टिकला, घड्याळ अजून वेळ बरोबर दाखवतंय. आणि नकाशावर नाव टाकायच्या आधी त्यांना विचारा, काहींना खरंच जास्त काम नको असतं, हात दोनच असतात.

एकदा लिहिलेलं बदलता येतं का? बदलावं का?

बहुतेक साइटवर येतं, आणि बदलावं. मी एका छोट्या हॉटेलबद्दल लिहिलं होतं की चाळीस मिनिटं बसवून ठेवलं, सर्व्हिस बेकार, २ स्टार. जे झालं ते खरं होतं. पण ऑर्डर घेणारा, आत बनवणारा आणि टेबल पुसणारा एकच माणूस होता हे मी बघितलं होतं आणि ते लिहिलं नव्हतं. महिन्याभराने तिथून जाताना शटरवर हाताने लिहिलेला कागद दिसला, "मदतीला माणूस पाहिजे". मी परत गेले, तोवर एक मुलगा कामाला लागला होता, पंधरा मिनिटांत सगळं समोर आलं. जुनं पुसू नका, त्याच्याच वर तारीख टाकून नवीन लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही दिसतं. मी तसंच केलं, आणि तेव्हा एकटा माणूस सगळं करत होता हेही त्यात लिहिलं.